उपाशी वाफा

१

बाबा गेले त्या सकाळी डॉक्टरांनी मृत्यूच्या दाखल्यावर सही करायला नकार दिला.

बाबा वाळवणीच्या शेडमध्ये खुर्चीत सापडले. चष्मा डोळ्यांवर, हात मांडीवर, मान एका बाजूला. आई चहा घेऊन गेली होती. तिला वाटलं डुलकी लागलीय, म्हणून ती कपावर बशी ठेवून परत आली. डॉक्टर घरातलेच म्हणावे इतके जुने. त्यांनी पापणी उचलून बाहुली पाहिली आणि दादाला बाजूला घेतलं.

"परवा आलो तेव्हाच नाडी फार मंद होती. नाक चोंदलेलं, बोलणं जड. ती पूड थांबवा म्हणून मी सांगून गेलो होतो."

"ते ऐकतात का कोणाचं?" दादा म्हणाला.

"आता मीही ऐकणार नाही. तपासणी होऊ दे."

ती पूड सर्पगंधेच्या मुळाची. बाबांनी आयुष्यभर औषधी वनस्पती लावल्या, वाळवल्या, विकल्या. पण स्वतःच्या रक्तदाबासाठी विकायच्या मालाला त्यांनी कधी हात लावला नाही. घरामागच्या एका मुरमाड वाफ्यातलीच मुळं त्यांना चालत. तो वाफा ते मुद्दाम उपाशी ठेवत. खत नाही, पालापाचोळा नाही, पाणीही बेताचंच. 'उपाशी वाफ्याला कोणी काही घालायचं नाही' हा घरातला कायदा होता. का, असं विचारलं की उत्तर मिळे, "मी सांगतोय म्हणून."

पूड काचेच्या बरणीत, बरणीतच एक पितळी चमचा, रोज सकाळी सपाट एक चमचा कोमट पाण्यातून. दादाचं लग्न झालं गेल्या वर्षी; तेव्हापासून हे काम वहिनीकडे होतं.

मी दुसऱ्या शहरातून पोचेपर्यंत सगळं आटोपत आलं होतं. पायऱ्यांवरच्या कुंड्यांतले आईचे गुलाब फिकट दिसले, पानं पिवळी. आजारी माणसाचं घर, मी मनात म्हटलं, फुलांकडे कोण बघणार.

अहवाल आला. रक्तात औषधाचं प्रमाण असायला हवं त्याच्या दुपटीहून जास्त होतं. फौजदाराचं गणित सरळ होतं: दुप्पट औषध म्हणजे दुप्पट चमचे.

"घरात कोणाचा कोणाशी वाद?" त्यांनी विचारलं.

दादा फरशी बघत राहिला. शेजारच्या अर्क कंपनीचा मालक आमची जमीन मागत होता, बाबा नाही म्हणत होते, आणि वहिनी जेवताना चारचौघांत म्हणाली होती, "विकून टाका एकदाची, सगळेच सुटू." सगळ्यांनी ते ऐकलेलं होतं. फौजदारासमोर कोणी तोंड उघडेना.

उघडलं ते आईने. तिने वहिनीकडे बोट दाखवलं.

"हिने नेला माझा माणूस," ती म्हणाली.

२

वहिनीला भेटायला पोलीस कोठडीत गेले तेव्हा ती बाकाच्या टोकाला बसली होती, कोणीतरी अजून येऊन बसणार असल्यासारखी.

"तुझा भाऊ नाही आला?"

"येईल."

"नाही यायचा. आईंसमोर त्याची मान वर होत नाही, ते मी लग्नाच्या दिवशीच पाहिलंय. मान नुसती डोकं ठेवायला दिलीय त्याला देवाने." ती हसली आणि लगेच थांबली. "अगं, परवा वकील येणार आहे. मी सही करून टाकते."

"कशावर?"

"चुकून जास्त दिलं, असं. फौजदार वाईट माणूस नाही. म्हणतो, असं लिहिलंत तर शिक्षा कमी होईल."

"तू दिलंस का जास्त?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "शेवटी शेवटी त्यांना काही आठवायचं नाही. औषध दिलंस का, सारखं विचारायचे. मी म्हणायची दिलं, ते म्हणायचे नाही दिलंस. रडायचे गं. तुझे बाबा! भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि म्हणायचे, सगळं काळं झालंय. मग मी परत दिलं का? डोळे मिटले की मला बरणीत माझा हात दिसतो. कधी एकदा जातो, कधी दोनदा."

"वहिनी, तू दमलीयस म्हणून असं वाटतंय."

"दमले आहेच. जे घडलं नाही तेही आता मला आठवायला लागलंय. अजून दोन दिवसांनी मी शपथेवर सांगेन की मी मुद्दाम केलं."

हे ती अगदी शांतपणे म्हणाली, आणि मी घाबरले ते त्या शांतपणाला. एका माणसाला तर आम्ही गमावलंच होतं. आता दुसरं माझ्या डोळ्यांसमोर स्वतःवरचा विश्वास सोडून देत होतं.

"परवापर्यंत सही करू नकोस," मी म्हटलं.

"परवापर्यंत काय होणार आहे?"

बाहेर येऊन मी ढेकूळआत्याला फोन लावला.

३

ढेकूळआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. माती तपासणीच्या प्रयोगशाळेत तिची उभी हयात गेली. तिच्या पर्समध्ये रुमालाशेजारी हमखास एखादं ढेकूळ कागदात गुंडाळलेलं सापडे, म्हणून आम्ही मुलांनी ठेवलेलं हे नाव. सकाळच्या गाडीने ती आली. बॅग ठेवली, बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे एकदा पाहिलं.

"रडायचं नंतर," ती म्हणाली. "आधी बरणी."

बरणी फौजदारांच्या टेबलावर होती. आत्याने विचारलं, "ही भरली कधी?"

"यंदाची मुळं खणून वाळवली, दळली, तेव्हा," दादा म्हणाला. "मीच खणली, मीच दळली. जुनी पूड संपली होती. सगळ्यांसमोर काठोकाठ भरली."

आत्याने चमचाभर पूड पुन्हा पुन्हा तोलून पाहिली, मग उरलेली बरणी तोलली. बराच वेळ पेन्सिल चालवून तिने कागद फौजदारांपुढे सरकवला.

"रोज एकच चमचा गेलाय. रोज दोन गेले असते तर बरणीचा तळ दिसला असता."

फौजदारांनी आकडे दोनदा तपासले. माणूस प्रामाणिक होता. चेहरा पडला तरी त्याने तो लपवला नाही. "मग त्या पुडीत बाहेरून काहीतरी मिसळलं असेल. सुनेने."

"किंवा ज्याच्याकडे मिसळायला काही आहे त्याने," आत्या म्हणाली आणि उठली.

अर्क कंपनीच्या मालकाचं ऑफिस थंडगार होतं. मागच्या कपाटात सर्पगंधेच्या अर्काच्या, पांढऱ्या भुकटीच्या बाटल्या ओळीने लावलेल्या. आत्याने त्यांच्याकडे बोट केलं. "यातली चिमूटभर एखाद्याच्या पुडीत पडली तर?"

"तर तो मरेल," तो म्हणाला. "आणि माझा धंदा बसेल. बाई, तुमचे भाऊ गेले याचं मला घरच्यांइतकं नसेल, पण खरंच वाईट वाटतंय. ते होते तोवर बोलणी तरी चालू होती. रोज नाही म्हणायचे, पण चहा पाजून नाही म्हणायचे. आता पोलीस, वारस, कोर्ट. ती जमीन माझ्या हयातीत सुटत नाही."

"मुळं हवी होती तुम्हाला?"

"ती मुळं? फुकट दिली तरी नको. मागे एकदा त्या वाफ्यातलं मूळ तपासून घेतलं होतं मी. काही दम नव्हता त्यात. अगदी पाणचट. मला जमीन हवी होती, तिथल्या विहिरीसाठी."

जिन्यात आत्या थांबली. "खरं बोलला."

"कशावरून?"

"स्वतःच्या तोट्याबद्दल माणूस इतकं मन लावून खोटं बोलत नाही." ती कठड्याला धरून उभी राहिली. "पाणचट मुळं. एकच चमचा. आणि रक्तात दुप्पट औषध. मग ते आलं कुठून?"

४

शेडमध्ये यंदाच्याच खणणीतली काही मुळं दळायची राहिली होती, आढ्याला जुडी बांधून टांगलेली. बाबांची खुर्ची तिच्या बरोबर खाली. आत्याने ती खुर्ची बाजूला न सारता स्टूल शेजारी ओढलं, जुडी उतरवली, आणि ती मुळं व फौजदारांकडून मागून घेतलेली थोडी पूड घेऊन तिच्या जुन्या प्रयोगशाळेत गेली. तिच्या हाताखाली शिकलेली मुलगी आता तिथली प्रमुख होती. तीच रात्रभर यंत्रापाशी बसून राहिली.

मी दादाजवळ बसले.

"तू तिला भेटायला का जात नाहीस?"

"गेलो आणि ती म्हणाली, हो, मी केलं, तर?"

"आणि नाही म्हणाली तर?"

"तर आईला काय सांगू?" तो म्हणाला. त्याचे डोळे सुजले होते. "मला दोन्हीकडून बोलता येत नाही गं. बाबा होते तेव्हा बरं होतं. काय करायचं ते तेच सांगायचे."

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या परत आली. मी तिच्या चेहऱ्यावरून काही वाचायचा प्रयत्न केला, तिथे काही नव्हतं.

"कोणी काही मिसळलेलं नाही," ती म्हणाली. "शुद्ध अर्क घातला असता तर एकच द्रव्य वाढलं असतं. इथे त्याची सगळी भावंडं, मुळातली जोडीची द्रव्यं, सोबत वाढलीत, सारख्या प्रमाणात. आणि ते फक्त पुडीत नाही. आढ्याला टांगलेल्या मुळांतही तेच."

"म्हणजे?"

"म्हणजे ते झाडानेच बनवलं."

तिने एक मूळ उरलं होतं ते माझ्या हातात दिलं. जाड, भरलेलं. बाबांच्या वाफ्यातली मुळं मी लहानपणापासून पाहत आले होते, ती सुतळीसारखी असत. मुळाच्या वळीतून आत्याने नखाने माती काढली आणि तळहातावर चोळली. तांबूस मुरूम असायला हवा होता. हात काळा झाला.

"दादा, हे नक्की उपाशी वाफ्यातलं?" मी विचारलं.

"मीच खणलंय ना. यंदा मुळं बरी आली म्हणून बाबांना सांगितलंही. ते तर दोन वर्षांत वाफ्यापर्यंत चालत गेलेच नव्हते. पायच साथ देत नव्हते."

आत्या माझ्याकडे वळली. "त्या वाफ्याला," ती म्हणाली, "कोणीतरी जेवू घातलंय."

५

वाफ्यात थोडी झाडं अजून उभी होती. पानं गर्द हिरवी. आत्या गुडघे टेकून बसली, खुरपीने एका झाडाच्या बुडाशी उकरू लागली.

"सर्पगंधेतलं औषध बनवायला झाडाला नत्र लागतं," ती खणता खणता म्हणाली. "मुरमात नत्र कमी, म्हणून मूळ सौम्य. माझा भाऊ ते सौम्यपण सांभाळत होता. त्याचा चमचा त्या मुळाच्या मापाचा होता. माती बदलली, मूळ बदललं, चमचा तोच राहिला."

"सगळ्याच झाडांचं असं होतं?"

"छे. वासाच्या पानांचं पुष्कळदा उलटं. जमीन भुकेली असली की वास जास्त. झाडागणिक, जमिनीगणिक निराळं. म्हणून तर मोजावं लागतं. भावाने एवढं एक वाक्य कोणाला सांगितलं असतं तर..." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "लहानपणापासून असाच. हुकूम सोडला की झालं."

तिने बाही वर केली आणि खड्ड्यात हात घातला. कोपरापर्यंत काळी माती.

"एका हंगामाचं काम नाही हे. दोन वर्षं तरी झिरपत गेलंय. तुझी वहिनी या घरात आली गेल्या वर्षी."

म्हणजे वहिनी सुटली होती. पण आत्याने मान हलवली.

"फौजदार विचारेल, मग घातलं कोणी? नाव नसेल तर तो म्हणेल, गेल्या वर्षीपासूनचं सुनेनेच घातलं."

"अर्कवाला?"

"विहिरीसाठी जमीन मागणारा दोन वर्षं रोज कुंपण चढून खत घालत बसेल?"

"दादा?"

"दादाने घातलं असतं तर पोत्यातलं दाणेदार खत पाटीने उधळलं असतं. इथे बघ. प्रत्येक झाडाभोवती हाताने केलेलं आळं. सगळी सारखी. बारीक धारेने, न सांडता ओतलंय." तिने मातीतून चिमटीत काहीतरी उचललं. शेंगदाण्याची लाल सालं, कुजून पातळ झालेली. "पेंड. भिजवून, तिचं पाणी. हे कोणी मारण्यासाठी करत नाही. पोरीला वेणी घालावी तसं केलंय."

पेंडीचं पाणी. त्याचा आंबट वास माझ्या सगळ्या बालपणाला होता. आमच्या घरात पेंड फक्त एकाच गोष्टीसाठी भिजे.

मी मागे वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या पायऱ्यांवर गुलाबाच्या कुंड्या होत्या, पिवळ्या पानांच्या. दोन वर्षं त्यांच्या वाटणीचं पाणी दुसरीकडे जात होतं.

आत्याने माझी नजर पाहिली. तिला ते आधीच कळलं होतं.

"मी सांगू फौजदाराला," तिने विचारलं, "की तू विचारतेस?"

६

आई ओट्यापाशी उभी होती. चहाचं आधण उकळून उकळून आटत आलं होतं. मी गॅस बंद केला.

"आई, उपाशी वाफ्याला पेंड तू घालत होतीस?"

तिने दचकून दाराकडे पाहिलं, बाबा ऐकतील म्हणून. मग कोणी ऐकणार नाही हे आठवून तिचे खांदे खाली आले.

"कोणी सांगितलं? वन्संनी?" ती खुर्चीवर बसली. "घालत होते. तुझ्या बाबांना कळू दिलं नाही, नाहीतर घर डोक्यावर घेतलं असतं. पण किती मरतुकडी झाडं ती! माणूस आजारी, पाय सुजलेले, आणि औषध कसलं खायचं, तर उपाशी झाडाचं. मला बघवेना. म्हटलं, झाड धडधाकट असलं तर औषधात जोर येईल. त्यांची दुपारची झोप लागली की जायची मी. फुलांचं नाव काढलं नाही दोन वर्षं." तिच्या चेहऱ्यावर किंचित अभिमान आला. "यंदा मुळं बघितलीस? अंगठ्याएवढी."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे दारात उभ्या असलेल्या आत्याकडे. आत्याचा हात कोपरापर्यंत काळा होता.

"वन्सं," आई म्हणाली, "जोर आला होता ना औषधात?"

"आला होता," आत्या म्हणाली.

"किती?"

आत्या आत येऊन तिच्याजवळ बसली.

आईचे ओठ हलत राहिले. ती मनातल्या मनात काहीतरी जुळवत होती. नवी बरणी, चोंदलेलं नाक, त्यासाठी तिने दिलेला वाफारा, भिंतीकडे केलेलं तोंड. ते जास्त आजारी दिसले तसं तिने वाफ्याला जास्त घातलं होतं. मी तिचा हात धरायला गेले, तिने तो सोडवून घेतला.

"तिला किती दिवस झाले तिथे?" तिने विचारलं.

"आई, आपण आधी वकिलाशी—"

"मी तिच्याकडे बोट दाखवलं." ती उठली. दोनदा चप्पल घालायला गेली, दोन्ही वेळा पाय चुकला. दादा धावत आला, खाली बसला, आणि त्याने आईच्या पायांत चपला घातल्या. "चला," ती म्हणाली. "तिने सही करायच्या आत."

७

फौजदारांनी आत्याचं सगळं ऐकून घेतलं, मुळं पाहिली, मातीच्या पुड्या पाहिल्या, प्रयोगशाळेत फोन केला. वहिनी त्या कागदावर सही करणार नाही, असं दादाने वकिलाला कळवलं. ते तो आईसमोर, मान वर करून बोलला. मग फौजदारांनी आईकडे खुर्ची वळवली.

"काकू, एकच विचारतो. असं होईल हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो म्हटलं तर आत ठेवाल मला?"

"आई!" मी म्हटलं.

"तू गप्प बस. साहेब, हो म्हटलं तर ठेवाल?"

"खोटं का सांगताय?"

"मग घरी जाऊन मी काय करू?" ती म्हणाली. "दोन वर्षं रोज मी त्यांना मारायला जात होते, तांब्या घेऊन. याला काहीतरी शिक्षा असेल ना तुमच्याकडे. काहीतरी असेलच."

फौजदारांनी टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि परत ठेवला. "काकू, याला गुन्हा म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

खोलीत आम्ही पाच जण होतो. आत्या आयुष्यभर मोजत आली होती, मी आयुष्यभर पुस्तकं वाचत आले आहे. कोणालाच तो शब्द माहीत नव्हता.

वहिनीला बाहेर आणलं तेव्हा तिला अजून नीट समजलं नव्हतं. दादाने पुढे होऊन सांगायला सुरुवात केली. ती त्याच्याकडे, मग आत्याच्या हाताकडे, मग आईकडे पाहत राहिली. "म्हणजे मी एकदाच दिलं होतं?" तिने विचारलं. "रोज एकदाच?"

"एकदाच," आत्या म्हणाली.

वहिनीने डोळे मिटले. आई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. माफी मागायला लागणारा आवाजही तिच्याकडे उरला नव्हता. वहिनी तिच्या बाजूने पुढे निघून गेली. मला वाटलं, संपलं. या घरातून ती कायमची गेली, आणि तिला दोष कोण देणार.

आई तिच्या मागोमाग चालू लागली, समोर न बघता. बाहेर संध्याकाळचं ऊन सरळ डोळ्यांवर येत होतं. दारापाशी वहिनी थांबली होती. ती वळली नाही. तिने फक्त हात मागे केला आणि आईचं कोपर धरलं.

"पायरी आहे," ती म्हणाली. "जपून."